राहत्या घरी परदेशी

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले, की हिंडलगा आणि सुळगा मागे पडल्यावर उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीमुळे हे गाव साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. फाट्यावरून तसेच पुढे गेले, की बाची येते आणि बाचीनंतर शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. शेतांचा रंग दोन्हीकडे तोच आणि घरात बोलली जाणारी भाषाही तीच. १९५६ पूर्वी ही रेघ येथे नव्हती, कारण चंदगड तालुकाही तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच मोडत असे. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यात म्हैसूर राज्याला द्यावयाच्या मुलखाची यादी करताना ‘चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा’ अशा अर्थाचे चार शब्द पडले. त्या चार शब्दांनी १ नोव्हेंबर १९५६ रोजी उचगाव एका राज्यात आणि त्याच्या बांधाला लागून असलेला मुलूख दुसऱ्या राज्यात गेला.

ह्या रेघेने सीमाभागातील मराठी माणसास काय सोसावे लागले, हे येथे नव्याने सांगावयास नको. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आज माझा विषय तो नाही. मला श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे ते ह्या साऱ्या हकीकतीत जे घडले नाही त्याकडे. रेघ पडली, सरकार बदलले, कचेरीची भाषा बदलली. परंतु उचगावच्या माणसाला शिनोळीच्या सोयऱ्याकडे जाताना राहण्याचा परवाना कोणी मागितला नाही. ‘तू येथे किती दिवस राहणार?’ असे त्याला कोणत्याही फौजदाराने विचारले नाही. आपल्या राज्यघटनेत राज्ये अनेक असली तरी नागरिकत्व एकच आहे, आणि भारतात कोठेही फिरण्याचा व वस्ती करण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. उचगावकराचे गाऱ्हाणे राज्याविषयीचे होते. स्वतःच्या घरात राहण्याचा त्याचा अधिकार अबाधित राहिला.

हे इतके स्वाभाविक वाटते, की त्याचे मोल आपल्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात येण्यासाठी घाट उतरून खाली गोव्यात जावे लागेल.

गोव्याची सरहद्द ही बेळगावकरांच्या ओळखीची सरहद्द. तेथे खरोखरीचे शिपाई होते आणि खरोखरीचे अडसर होते. पोर्तुगीज राजवटीत माणसाला मुलखाबाहेर काढणे हे राज्यकारभाराचे नेहमीचे हत्यार होते, आणि ते दोन्ही दिशांनी चालत असे. डॉ. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ रोजी मडगावच्या सभेत पकडले गेले. त्याच वर्षी ते पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा आग्वादच्या किल्ल्यात ठेवून त्यांना हद्दीबाहेर काढण्यात आले. कारण काय, तर ते परके! उलट त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा हे अस्सल गोमंतकीय. त्यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. बाहेरच्याला घराबाहेर घालवावयाचे आणि घरच्याला समुद्रापार न्यावयाचे, असा हा न्याय. मराठीत ह्यासाठी ‘हद्दपारी’ हा एकच शब्द आपण वापरतो. पोलीस कायद्याखाली गुंडाला जिल्ह्याबाहेर घालवतात, ती ‘तडीपारी’ निराळी. तडीपार झालेला माणूस मुदत संपली की परत येतो. त्याचा देश त्याच्यापासून कोणी काढून घेत नाही.

पुढे १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही सरहद्द ओलांडून आत गेले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांतून ऐकावयास मिळाले असेल. बेळगाव हे त्या चळवळीचे एक महत्त्वाचे ठाणे होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली, १९ डिसेंबरला पोर्तुगीज सत्ता संपली, आणि राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण व दीव हे प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे भाग ठरले.

प्रदेश आले; आता माणसांचे काय? प्रदेश घटनादुरुस्तीने येतो, पण त्यातील माणसाचे नागरिकत्व त्याच्याबरोबर आपोआप येतेच असे नाही. त्यासाठी केंद्र सरकारने २८ मार्च १९६२ रोजी एक आदेश काढला. ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी कोणाचा, किंवा आजाआजींपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात झाला असेल, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक झाला असे समजावे, अशी त्या आदेशाची मांडणी होती. मांडणी उदार होती. धर्म विचारलेला नाही, भाषा विचारलेली नाही, पोर्तुगीज सरकारची चाकरी केली काय, हेही विचारलेले नाही. मात्र एक दार उघडे ठेवले होते. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवावयाचे असेल, त्याने आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे. म्हणजे गप्प राहणारा भारतीय होणार होता, आणि लिहून देणारा परदेशी.

एक महिना! साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा हिशेब मिटविण्यास एक महिना. गोव्यातील सामान्य कुळवाड्याला त्यामुळे काही अडचण पडली नाही, कारण त्याला काहीच करावयाचे नव्हते. ज्यांनी कागद लिहिला त्यांनी तो काय समजून लिहिला, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. त्यांपैकी एकाची हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदली गेली आहे.

सेबाश्तियांव मोंतैरो हे एक ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांनी २७ एप्रिल १९६२ रोजी, म्हणजे मुदत संपता संपता, आपण पोर्तुगीज नागरिकत्व ठेवू इच्छितो असे लिहून दिले. आदेश कारण विचारीत नव्हता. त्या दिवसापासून फादर मोंतैरो, आपल्या घरातून कोठेही न हलता, परदेशी झाले. परदेशी म्हणून त्यांची नोंद झाली. परदेशी माणसाला भारतात राहावयाचे तर परवाना हवा. तसा तात्पुरता परवाना त्यांना मिळाला आणि त्याची मुदत १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत होती. मुदत संपली. त्यांनी वाढवून मागितली नाही. देश सोडण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही. मग १९४६ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याच्या चौदाव्या कलमाखाली त्यांच्यावर खटला झाला, आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड अशी शिक्षा दिली.

शिक्षा पाहिली तर सायकलला दिवा नसल्याच्या खटल्याहून फारशी मोठी नव्हे. परंतु तिच्यामागे उभा असलेला प्रश्न एवढा मोठा होता, की तो सेशन्स कोर्टातून न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयात आणि तेथून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. (गोव्याला तेव्हा उच्च न्यायालय नव्हते, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीत आले ते १९८२ साली.)

वकिलांनी मांडलेला बचाव मोठा कल्पक होता. ते म्हणाले, गोवा हा युद्धाने ताब्यात घेतलेला प्रदेश आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारान्वये ताब्यातील प्रदेशातल्या नागरिकांना संरक्षण आहे. त्या कराराचे सत्तेचाळिसावे कलम सांगते, की जेत्याने प्रदेश आपल्यात सामील करून घेतला तरी हे संरक्षण नाहीसे होत नाही. आणि एकोणपन्नासावे कलम अशा नागरिकांना बळजबरीने बाहेर घालविण्यास मनाई करते. हा करार भारताने मानला आहे, त्यासाठी १९६० साली कायदाही केला आहे. तेव्हा फादर मोंतैरो ह्यांना स्वतःच्या इच्छेवाचून कोणी घालवू शकत नाही. इतकेच नव्हे, तर राहण्याचा परवाना घ्या अशी सक्तीही त्यांच्यावर करता येत नाही. मुदतवाढीचा अर्ज करणे म्हणजे आपण परवान्याचे बांधील आहोत हे कबूल करणेच झाले असते.

सरन्यायाधीश हिदायतुल्ला ह्यांनी २६ मार्च १९६९ रोजी दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. त्यांनी ह्या बचावाची हेटाळणी केली नाही. ताबा म्हणजे काय, विलीनीकरण म्हणजे काय, ह्याची आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारे सविस्तर चर्चा त्यांनी केली. युद्ध चालू असता जेता घाईघाईने ‘हा मुलूख आमचा’ म्हणू लागला, तर ते खरे विलीनीकरण नव्हे, आणि तेथे जिनिव्हा कराराचे छत्र कायम राहते. पण जेथे विरोध पूर्ण मावळला, मुलूख संपूर्ण हाती आला आणि राज्यकारभार सुरळीत सुरू झाला, तेथे ताबा संपून खरे विलीनीकरण होते. गोव्यात तसे झाले होते. शिवाय १९६० चा कायदा एखाद्या व्यक्तीला त्या कराराच्या आधारे न्यायालयात हक्क मागण्याची मुभा देत नाही. करार राज्याराज्यांमधला आहे. अपील फेटाळण्यात आले.

माझ्या मते निकाल कायद्याला धरून होता, आणि तसा तो होणे अटळच होते. बचाव मान्य करावयाचा, तर गोव्यातील भारतीय राज्य म्हणजे तात्पुरता लष्करी ताबा, असे भारताच्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हणावे लागले असते. पण ह्या हकीकतीतील खरी टोचणी निराळीच आहे. उभी हयात एका मुलखात गेलेला माणूस, त्याची माणसे, त्याचे देऊळ, त्याची सेवा. ह्यांपैकी एकाही गोष्टीवर न्यायालयात बोट ठेवता आले नाही, कारण कायद्यात त्यांना जागाच नव्हती. वकील उभे राहिले ते जिनिव्हाच्या आधारावर, कारण घराचा आधार २७ एप्रिललाच गेला होता.

तो आधार केवढा मोठा होता, हे कळण्यास त्याच सर्वोच्च न्यायालयाचे आधीचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला आपल्याच मुंबई राज्याविरुद्धचा. फाळणीनंतर पाकिस्तानातून येणाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९४९ साली कायदा झाला. परवान्यावाचून आत आलेल्या, किंवा तसा नुसता संशय असलेल्या, कोणालाही देशाबाहेर घालविण्याचा अधिकार त्याच्या सातव्या कलमाने केंद्र सरकारला दिला होता. इब्राहिम वझीर मावत ह्यांच्या प्रकरणात न्यायालयाने १९५४ साली बहुमताने ठरविले, की हे कलम भारतीय नागरिकाला लावता यावयाचे नाही. परवान्याचा नियम मोडला म्हणून शिक्षा करा, पण नागरिकाला त्याच्या देशातून काढून लावता येणार नाही. मग संशयावरून काढणे तर दूरच.

दुसरा निकाल १९५५ सालचा. हान्स म्यूलर नावाच्या एका जर्मन माणसाला देशाबाहेर पाठविण्यासाठी कलकत्त्यात अटकेत ठेवले होते. निकालपत्र लिहिले व्हिव्हियन बोस ह्यांनी. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे हे पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती व्यक्तिस्वातंत्र्याचे मोठे कैवारी म्हणून प्रसिद्ध होते. तेही म्हणाले, की परदेशी माणसाला घालवून देण्याचा सरकारचा अधिकार पूर्ण आणि निरंकुश आहे. एकोणिसावे कलम नागरिकांसाठी आहे. जे बोस ह्यांनी दिले नाही, ते दुसरा कोण देणार?

फादर मोंतैरो एका सहीने मावतांच्या रांगेतून उठून म्यूलरच्या रांगेत जाऊन बसले. ती सही करण्यापूर्वी त्यांना हे कोणी समजावून सांगितले असते, तर कदाचित त्यांनी ती केलीही असती; पण मग ती जाणून केलेली सही ठरली असती. खटल्यात मोठमोठे ग्रंथ चाळणाऱ्या दहा वकिलांपेक्षा त्या एका महिन्यात गोव्याच्या खेड्यापाड्यांतून फिरणारा एक वकील अधिक उपयोगी पडला असता, असे मला वाटते.

कागद माणसाला बांधतो, हे झाले. तो सरकारलाही बांधू शकतो काय? ह्याचे उत्तर एका दूरदेशीच्या खटल्यात सापडते, आणि त्यातील नायकाचे नाव आपल्या कानाला परिचित वाटेल: सखाराम गणेश पंडित. हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेस गेले, १९१४ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयातून त्यांनी अमेरिकन नागरिकत्व मिळविले, आणि पुढे तेथेच वकिलीची सनद घेतली. अमेरिकेच्या कायद्यात नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्यांना’ व आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत असे. भगतसिंग थिंद ह्यांच्यासाठी पंडितांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली. १९२३ साली ते हरले. हिंदी माणूस ‘गोरा’ नव्हे, असा निकाल झाला. आणि लगेच सरकारने आधी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांची प्रमाणपत्रे रद्द करण्याचा सपाटा लावला. त्यात पंडितांचेही नाव आले.

आता वकील स्वतःच पक्षकार झाला. पंडित म्हणाले, १९१४ साली तुम्ही माझ्या अर्जास विरोध केलात, न्यायालयाने तुमचे ऐकले नाही, आणि तुम्ही अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, मालमत्ता केली, अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. इतक्या वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही. हा युक्तिवाद खालच्या न्यायालयाने मानला, १९२६ साली वरच्या न्यायालयाने उचलून धरला, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. थिंदच्या खटल्यात वंशाचा मोठा प्रश्न हरलेला माणूस स्वतःच्या खटल्यात दिवाणी कोर्टातल्या साध्या तत्त्वावर जिंकला. नागरिकत्व मिळविण्याचे दार हिंदी लोकांसाठी कायद्याने उघडले ते १९४६ साली.

पंडित स्वतः वकील होते. ज्याला वकील परवडत नाही त्याने काय करावे? अमेरिकेत हद्दपारीच्या कामात वकील देण्याचा हक्क आहे खरा, पण सरकारच्या खर्चाने नव्हे, असे तेथील कायदा स्पष्ट सांगतो. आपल्याकडे ह्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. राज्यघटनेत काही हक्क ‘नागरिकाला’ दिले आहेत आणि काही ‘व्यक्तीला’. कायद्यापुढील समानता आणि जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण हे व्यक्तीचे हक्क आहेत. अटक झालेल्या माणसास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देण्याचा बाविसाव्या कलमातील नियमही नागरिकापुरता नाही. त्यातून वगळले आहे ते शत्रुराष्ट्राच्या माणसाला. १९७८ साली महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या हॉसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी गरीब कैद्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे असे ठरविले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा आला, तो १९९५ च्या नोव्हेंबरात अमलात आला, आणि अटकेत असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलास पात्र ठरली. त्या कायद्याने प्रत्येक तालुक्यासाठी समितीची सोय केली.

वकील मिळाला म्हणून राहावयास मिळेल असे मात्र नाही. १९३७ पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्याला देश सोडण्यास सांगण्यात आले, तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्यूलरचाच निकाल पुढे चालविला. अरुणाचलातील चकमांच्या प्रकरणात १९९६ साली न्यायालयाने राज्याला बजावले, की माणूस नागरिक असो वा नसो, जमावाच्या धाकाने त्याला कोणी हुसकावून लावता कामा नये. परदेशी माणसाच्या पदरी आपला कायदा एवढे टाकतो. ज्या १९४६ च्या कायद्याखाली फादर मोंतैरो ह्यांना शिक्षा झाली, तो आता उरलेला नाही. त्याच्या जागी परदेशी नागरिकांविषयीचा २०२५ चा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे.

आणि गोव्यातील तो एक महिना? तो अजून पुरता संपलेला नाही. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस करार करून मान्य केले, पण मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळविण्याची वाट त्याने मोकळी ठेवली. लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद करून घेण्यासाठी आजही गोव्यातून कागद जातात. युरोपात नोकरी मिळावी हा त्यातील हेतू साधा आणि समजण्यासारखा आहे. परंतु भारताच्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते, की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. आजोबांच्या नावाची जुनी नोंद शोधावयास निघालेला तरुण परत येतो, तेव्हा आपल्याच घरी राहण्यासाठी त्याला परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मागावे लागते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये गोव्यात एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थास भारतीय नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मुख्यमंत्र्यांच्या हस्ते देण्यात आले. मूळचे ते गोव्याचेच. मुक्तीपूर्वी ते शिक्षणासाठी पाकिस्तानात गेले, तेथील नागरिक झाले, पुढे नोकरीनिमित्त आखातात राहिले, आणि २०१३ साली घरी परतले. १९६२ चा आदेश निघाला तेव्हा ते गोव्यात असते, तर त्यांना काहीच लिहावे लागले नसते. प्रमाणपत्र हाती येण्यास २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आणि त्याचे २०२४ चे नियम व्हावे लागले, आणि तोवर त्यांच्या वयाची पंचाहत्तरी उलटून गेली होती.